दुसऱ्याच्या ईमॅक्समध्ये जाताना

प्रश्न : सांगलीतल्या एका छापखान्यात मी मजकूर जुळवणीचं काम करते. मजकुरातले इंग्रजी आकडे देवनागरी करणारं आणि हवं तर उलटंही करणारं छोटं पॅकेज (जोडायची पुरवणी) मी ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी लिहिलंय. एकच फाइल आहे, सत्तर ओळींची. माझ्याकडे ते नीट चालतं. मैत्रिणीला दिलं, तर कंट्रोल-सी आणि डी हा तिने स्वतः लावलेला शॉर्टकट गेला. तिचं एक फंक्शनही चालेना. मेल्पावर, म्हणजे ईमॅक्स पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारावर, टाकण्याआधी काय सुधारू? सोबत कोड पाठवते.

उत्तर : कोड वाचला. आकडे बदलण्याचं मूळ काम तुम्ही फार स्वच्छ लिहिलंय, त्याला हात लावू नका. गडबड आहे ती आजूबाजूला.

मैत्रिणीच्या फंक्शनपासून सुरुवात करू. तुमच्या फंक्शनचं नाव नुसतं ‘कन्व्हर्ट-रीजन’ आहे. ईमॅक्स लिस्पमध्ये, म्हणजे ही पॅकेजं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, प्रत्येक पॅकेजच्या नावांना वेगळं आवार नसतं, सगळी नावं एकाच ठिकाणी नांदतात. तिनेही त्याच नावाचं फंक्शन लिहिलेलं असेल, तर जे शेवटी लोड झालं ते उरलं आणि आधीचं मुकाट्याने पुसलं गेलं. पॅकेजचं नाव ‘अंकबदल’ ठेवणार असाल तर प्रत्येक फंक्शनची आणि प्रत्येक व्हेरिएबलची सुरुवात त्याच शब्दाने करा. इतरांनी वापरू नये अशा आतल्या गोष्टींना, म्हणजे तुमच्या त्या आकड्यांच्या तक्त्याला, नावानंतर दोन आडव्या रेघा द्या. ते दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, हे उद्या बदलू शकतं.

आता शॉर्टकट. कंट्रोल-सी आणि त्यानंतर एखादं अक्षर, ही जागा ईमॅक्सच्या संकेतांनुसार वापरणाऱ्याची आहे. एफ5 ते एफ9 या कळाही त्याच्याच. पॅकेजने तिथे काहीही लावायचं नाही. तुमचं पॅकेज इतकं लहान आहे, की त्याने एकही कळ लावू नये असं माझं मत आहे. ज्याला हवी तो आपल्या इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लावून घेईल, त्यासाठीची ओळ माहितीच्या फाइलमध्ये देऊन ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तुमची फाइल लोड झाली रे झाली, की टेक्स्ट-मोडच्या हुकमध्ये, म्हणजे साध्या मजकुराचा मोड सुरू होताच आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, स्वतःला जोडून घेते. हेच मी 2015 मध्ये केलं होतं. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करणारं माझं पॅकेज असंच आपोआप सुरू व्हायचं. ऑर्ग-मोड हा टिपणं लिहिण्याचा मोड टेक्स्ट-मोडवरूनच बेतलेला आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. एका शिक्षकांच्या ऑर्ग फाइलमधल्या कोडच्या नमुन्यांत वळणदार चिन्हं घुसली आणि ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलांचे प्रोग्रॅम चालेनात. त्यांचं पत्र मी अजून जपून ठेवलंय. लोड झाल्याने लिहिण्याच्या वागण्यात काही म्हणजे काही बदलता कामा नये. मायनर मोड, म्हणजे हवा तेव्हा चालू-बंद करता येणारा जोडमोड करा, तो वापरणारा स्वतः सुरू करेल. तो सुरू करणाऱ्या कमांडच्या वरच्या ओळीत तीन अर्धविराम, तीन हॅश आणि ऑटोलोड हा शब्द लिहा. म्हणजे कमांड यादीत लगेच दिसेल आणि मूळ फाइल मात्र पहिल्यांदा हाक मारल्यावरच लोड होईल.

शीर्षाच्या ओळी पटकन पाहू. पहिल्या ओळीत फाइलचं नाव, तीन रेघा, एका ओळीची ओळख आणि शेवटी लेक्सिकल-बाइंडिंग (व्हेरिएबलची व्याप्ती ठरवणारी खूण). ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि ईमॅक्स 30 त्याबद्दल इशारा देतं. ओळखीत ‘ईमॅक्ससाठी’ हा शब्द नको, यादी ईमॅक्सचीच असते. किमान ईमॅक्स 25.1 लागेल असं तुम्ही म्हटलंय, पण कोडमध्ये स्ट्रिंग-रिप्लेस वापरलंय आणि ते आलं 28.1 मध्ये. एक तर आकडा खरा लिहा, नाही तर ते फंक्शन बदला. परवान्याचा उल्लेख कुठेच नाही. मेल्पाला जीपीएलशी, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या त्या नावाच्या परवान्याशी, जुळणारा परवाना लागतो.

मग पॅकेजमधल्या चुका दाखवणारं पॅकेज-लिंट आणि कोडमधली माहिती तपासणारं चेकडॉक चालवा. वर सांगितलेल्यातलं बरंचसं पॅकेज-लिंटही दाखवेल. ते गप्प झालं, की मैत्रिणीकडे कोऱ्या ईमॅक्समध्ये बसवून बघा, तुमच्या स्वतःच्या नव्हे.

प्रश्न : मेल्पा आवृत्तीला कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाची) तारीख लावतंच. मग फाइलमधला आवृत्तीचा आकडा मी कशाला वाढवत बसू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण सगळे मेल्पाच वापरत नाहीत. मेल्पा स्टेबल हे त्याचंच दुसरं भांडार तुमच्या गिट टॅगवरून (कमिटला दिलेल्या खुणेच्या नावावरून) आवृत्ती घेतं, आणि फाइल हाताने बसवणाऱ्याला शीर्षातला आकडाच दिसतो. आकडा वाढवा, कमिट करा आणि त्याच कमिटला तोच टॅग द्या.