विमान सुटण्याआधीची तपासणी क्रू खरंच टाळतो का?

नियमानं टाळता येत नाही, पण टाळली गेली आहे. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफोर्डला एक खासगी गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीवरून उठलंच नाही, ७ जण गेले. गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाच्या पंख-शेपटीचे हलते भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावायची अडकण, काढायचा राहिला होता. हे भाग हलवणारे कंट्रोल एकदा पूर्ण फिरवून पाहिले असते तर तिथंच कळलं असतं! विमानाच्या रेकॉर्डरमधल्या आधीच्या १७५ उड्डाणांत ही तपासणी पूर्ण झाली होती फक्त २ वेळा. एका दिवसाची घाई नव्हे, सवयच.

आमच्या दारव्ह्याकडे कापसाची ट्रॉली जिनिंगला निघताना मी हुकाची पिन हातानं ओढून पाहतो. एकदा राहिली, चढावर ट्रॉली सुटली. नशीब, मागं कोणी नव्हतं.

नागपूरला खिडकीतून चाकाजवळ वाकलेला पायलट दिसतो ना, तोही उड्डाणाआधीची अशीच एक तपासणी करत असतो.