कोणाची सही कुठे चालते? मालमत्ता मूल्यांकनाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.ई. सिव्हिल होऊन चार वर्षं झाली. सांगलीत एका कन्सल्टंटकडे नोकरी करतो. व्हॅल्युएशन रिपोर्टवर माझी स्वतःची सही चालावी म्हणून कोणती नोंदणी घेऊ? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तो रिपोर्ट कोण वाचणार, यावर हे ठरतं. कंपनी कायद्याच्या आणि दिवाळखोरीच्या कामांना आयबीबीआयचा, म्हणजे केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाकडे नोंदलेला ‘रजिस्टर्ड व्हॅल्युअर’ लागतो. जुनी जागा विकल्यावर भांडवली नफ्यासाठी 1 एप्रिल 2001 ची किंमत काढायची, तर आयकराची नोंदणी वेगळी. संपत्तीकर उठला, पण त्या कायद्याच्या 34 एबी कलमाखाली नोंदलेल्या व्हॅल्युअरची गरज त्यानंतरही राहिली. तिच्या अटी निराळ्या आहेत आणि व्यवसायाची वर्षंही जास्त लागतात. बँकेचं पॅनेल, म्हणजे बँकेने कामासाठी निवडलेल्या व्हॅल्युअरची यादी, ही तिसरी गोष्ट. नोंदणी हातात आली म्हणून काम आपोआप येत नाही, प्रत्येक बँकेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

तुम्हाला आयबीबीआयची वाट जवळची आहे. पदवीनंतरची पाच वर्षं भरू द्या. पदव्युत्तर पदवी असेल तर तिच्यानंतर तीन पुरतात. मग आरव्हीओचं, म्हणजे मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं सदस्यत्व घ्यायचं, तिथला 50 तासांचा कोर्स करायचा आणि ‘लँड अँड बिल्डिंग’ची परीक्षा द्यायची. पास झालात की फॉर्म ए आणि 5,000 रुपये शुल्क. पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज केला नाही, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

संगणकावरची ही परीक्षा दोन तासांची असते. पास व्हायला 60 टक्के लागतात आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरं महाग पडतात. इंजिनिअर मंडळी बांधकामावर अडत नाहीत, अडतात ती कायदा, अर्थशास्त्र आणि हिशेबावर. अभ्यास तिथूनच सुरू करा.

आणि अनुभवाचं पत्र आजच मागून ठेवा. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर, नेमकं काय काम केलं हे हवं. ‘आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीचा काही उपयोग नाही.

प्रश्न : पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि साइटवरची वीस वर्षं, एवढ्यावर आयबीबीआयची परीक्षा देता येईल का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : नाही. नियमात ‘डिप्लोमा’ हा शब्द आहे, पण तो पदव्युत्तर डिप्लोमा, आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन पदवी पुरी करावी लागेल, आणि अनुभव मोजला जाईल तो पदवीनंतरचा. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे कडू लागणार, पण कोर्सची फी भरण्याआधीच ते कळलेलं बरं.

प्रश्न : हाताखाली शिकताना मी तयार केलेले रिपोर्ट बँकेतून परत येतात. चुकतं कुठे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा क्षेत्रफळात आणि घसाऱ्यात.

सातबारा आरमध्ये असतो, लोक बोलतात गुंठ्यांत. 1 आर म्हणजे 100 चौ. मीटर, 1 गुंठा म्हणजे 101.17 चौ. मीटर. दोन्ही एकच धरले, तर 40 गुंठ्यांत जवळजवळ 47 चौ. मीटरची तफावत पडते. सिटी सर्व्हेतली मिळकत असेल तर प्रॉपर्टी कार्ड बघा, टेप स्वतः धरा आणि चतुःसीमा खरेदीखताशी ताडून घ्या.

आता घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने बांधकामाची घटणारी किंमत. समजा 20 वर्षांचं, 1,200 चौ. फुटांचं आरसीसी घर आहे. तसंच घर आज बांधायला फुटाला 1,800 रुपये धरले, तर 21,60,000 होतात. आयुष्य 60 वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत 10 टक्के धरली, की उरलेल्या 90 टक्क्यांवर घसारा 90 × 20 ÷ 60, म्हणजे 30 टक्के. 6,48,000 वजा जाता घराचे 15,12,000. जमिनीची किंमत यानंतर मिळवायची. ती आधीच मिळवून सगळ्या रकमेवर घसारा लावलेला असतो, म्हणून रिपोर्ट परत येतो. जमिनीला घसारा नसतो.

रेडी रेकनरचा दर बाजारभावाच्या रकान्यात उतरवू नका. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. रिपोर्टात वेगळा दाखवा आणि बाजारभावासाठी जवळपासच्या ताज्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले खरेदीचे उतारे काढा.

सांगलीत आणखी एक बघायचं असतं, ते म्हणजे पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ असेल तर जमिनीपासून तिची उंची मोजा, फोटो काढा आणि तुलनेचे व्यवहार घेताना त्याच पातळीवरची घरं निवडा. विश्रामबागेतल्या कोरड्या प्लॉटचा दर गावभागातल्या घराला लावला, तर बँकेचा अधिकारी पहिल्याच पानावर थांबेल.