‘बाळ प्युरी थुंकतं, पोट कसं भरणार?’

“सातवा महिना संपत आला, तरी दोन चमच्यांपुढे जात नाही. बाकीचं सगळं थुंकतं. महिनाभरात वजनही फारसं वाढलं नाही.” बाळाला मांडीवर घेऊन आई सांगत होती. बाळ आधाराने नीट बसत होतं, मान स्थिर होती, टेबलावरच्या पेनाकडे झेपावत होतं. म्हणजे वरच्या अन्नासाठी ते तयार होतं. मग प्युरी कशी करता, ते पहिल्यापासून सांगा म्हटलं.

गाजर भरपूर पाण्यात उकळायचं, ते पाणी ओतून द्यायचं, नवं पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवायचं आणि वर गाळून घ्यायचं. का? “घशात अडकू नये म्हणून.” भीती समजण्यासारखी आहे, पण उरतं ते गाजराचं पाणी. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. पातळ प्युरीत ऊर्जा कमी असते, आणि बाळाच्या पोटात एका वेळी मावतं ते वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिली.

थुंकणं म्हणजे दर वेळी ‘नको’ असंही नसतं. जिभेला आजवर फक्त ओढून प्यायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला ती घास पुढे ढकलते. त्यात प्युरी पातळ असली, तर ओठांच्या कोपऱ्यातून वाहूनच जाते. शिवाय नवी चव पटायला कधीकधी 8 ते 10 वेळा ती समोर यावी लागते. ही आई दुसऱ्या दिवशीच भाजी बदलत होती.

तिला सांगितलेली पद्धत अशी. गाजराचे साधारण 1 सेंटिमीटरचे तुकडे 12 ते 15 मिनिटं वाफवायचे. काट्याने दाबल्यावर तुकडा सहज मोडला पाहिजे. अर्धवट शिजलेल्या गाजराची प्युरी कितीही फिरवली तरी रवाळच राहते. 100 ग्रॅमला वाफेच्या भांड्यातलं 2-3 मोठे चमचे पाणी पुरतं, त्याऐवजी आईचं दूधही चालतं. भोपळ्याला बहुतेक वेळा पाणी लागतच नाही. बटाटा मात्र मिक्सरमध्ये घालू नका, त्यातला स्टार्च सुटून तो चिकट होतो, काट्यानेच कुस्करा. मटारची सालं जाण्यापुरती चाळणी हवी, गाजराला नको. शेवटी चमचा तिरका करून बघायचा: प्युरी त्यावर टिकली पाहिजे, ओघळता कामा नये.

मीठ, साखर नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. अर्धा छोटा चमचा तेल किंवा तूप घातलं की ऊर्जा वाढते. नुसत्या भाज्यांवर लोहाची गरज भागत नाही, म्हणून पूर्ण शिजवलेली डाळ, अंडं किंवा मांस बारीक करून त्यात मिसळायचं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी 2-3 मोठे चमचे, पुढे हळूहळू 250 मिलीच्या वाटीने अर्धी वाटी. आईचं दूध सुरूच ठेवायचं.

मग तिने विचारलं, “सकाळची प्युरी संध्याकाळी पातळ का होते?” उष्टा चमचा त्याच डब्यात जात होता. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च मोडतं, त्यामुळे बटाट्याची प्युरी तर पाणी सुटल्यासारखी होते. जंतू वाढतात ते वेगळंच. लागेल तेवढी प्युरी आधी वाटीत काढून घ्यायची आणि उष्टी उरलेली टाकून द्यायची. न उष्टावलेली लगेच गार करून फ्रिजमध्ये 24 तास ठेवता येते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर महिनाभर टिकते. देताना वाफ येईपर्यंत एकदाच गरम करायची, मग कोमट करून भरवायची.

अडकण्याच्या भीतीबद्दल: आवाज करत खोकणं, चेहरा लाल होणं, जीभ बाहेर येणं ही उबळ; बाळ स्वतःच घास पुढे आणतं. आवाजच निघत नसेल, रडता-खोकता येत नसेल, तर ते गुदमरणं, तिथे तत्काळ मदत लागते. त्यासाठीचा प्रथमोपचार घरातल्या दोघांनी तरी शिकून ठेवावा. गुदमरण्याचा धोका कच्च्या गाजराचा तुकडा, अख्खं द्राक्ष, दाणे यांचा मोठा. मऊ कुस्करलेल्या भाजीचा नाही. उलट आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत मऊ गुठळ्या दिल्या नाहीत, तर पुढे बाळ जाडसर अन्न टाळायला लागतं.

वजनाची नोंद घेऊन त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. वजन वाढत नसेल, तर प्युरी सुधारली म्हणून तपासणी पुढे ढकलायची नसते.