रिअ‍ॅक्टर थंड पडला तर सावध हो

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नायट्रेशन ब्लॉकवर, म्हणजे अ‍ॅसिडने नायट्रो माल बनवतात त्या विभागात, शिफ्टचा चार्ज मिळाल्याचं तुझं पत्र वाचलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. सेफ्टीचं खातं वेगळं असताना प्रॉडक्शनच्या माणसाने नेमकं काय बघायचं, असं तू विचारलं आहेस. अरे, सेफ्टी ऑफिसर दिवसपाळीला असतो. रात्री अडीच वाजता प्लॅटफॉर्मवर तू आणि तुझे दोन ऑपरेटर, एवढेच असणार. हेल्मेट, गॉगल, गमबूट हे इंडक्शनमध्ये सांगितलं असेलच, ते पाळायचंच. मी त्यावर शाई खर्च करत नाही. मला एकच गोष्ट तुझ्या डोक्यात पक्की बसवायची आहे: रिअ‍ॅक्टरमध्ये या घडीला रिअ‍ॅक्शन न झालेला माल किती साठला आहे, हे तुला कायम माहीत पाहिजे.

तापमान चढायला लागलं की सगळे धावतात. अलार्म वाजतो, कोणी ब्राइनचा, म्हणजे गार केलेल्या मिठाच्या पाण्याचा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, कोणी अ‍ॅडिशन, म्हणजे आत अ‍ॅसिड सोडणं, बंद करतो. तापमान उतरलं की मात्र कोणी धावत नाही, आणि माझ्या मते खरा घात तिथेच असतो. समज, बॅच शीटवर पंचवीस ते तीस अंश लिहिलंय. ओव्हरहेड टँकमधून नायट्रेटिंग मिक्स, म्हणजे नायट्रिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं मिश्रण, थेंबथेंब पडतंय, रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन फिरतंय. थंडीच्या रात्री ब्राइन जरा जास्तच गार झालं आणि काटा बारावर आला. ऑपरेटर खूश. ‘साहेब, टेंपरेचर एकदम कंट्रोलमध्ये आहे, अ‍ॅडिशन जरा वाढवू का?’ आता विचार कर. बारा अंशांना रिअ‍ॅक्शन मंदावली आहे. पडणारं अ‍ॅसिड खर्च होत नाही, ते नुसतं आत जमा होतंय. तासाभराने कोणाच्या तरी लक्षात येतं की तापमान शीटच्या खाली आहे, म्हणून तो ब्राइन बंद करतो. बॅच हळूहळू गरम होते, रिअ‍ॅक्शन जागी होते आणि साठलेलं सगळं एकदम पेटतं. पस्तीस, पन्नास, सत्तर. आता ब्राइन कितीही सोड, जॅकेटला ते झेपत नाही, कारण ढोबळ मानाने दर दहा अंशांना रिअ‍ॅक्शनचा वेग दुप्पट होतो, आणि जॅकेट मात्र तेवढ्या वेगाने उष्णता ओढत नाही. म्हणून तापमान शीटच्या वर गेलं तर अ‍ॅडिशन बंद, आणि खाली गेलं तरीही अ‍ॅडिशन बंद. दुसरा नियम पहिल्याइतकाच कडक आहे. तो तुझ्या शीटवर लिहिलेला नसेल तर लिहून घे.

याचा हिशोब कागदावर करून बघ, अवघड नाही. धर की एक किलो बॅचमधून रिअ‍ॅक्शन पुरी होईपर्यंत दीडशे किलोज्यूल उष्णता निघते आणि त्या मिश्रणाचं एक किलो एक अंशाने तापायला दोन किलोज्यूल लागतात. कूलिंग पूर्ण गेलं तर तापमान ७५ अंशांनी चढेल. तीसपासून सुरू केलंस तर १०५. आता प्रश्न असा, की तुझा नायट्रो माल किती अंशांना कुजायला, म्हणजे आपोआप तुटून उष्णता सोडायला, लागतो? तो आकडा १०५ च्या खूप वर असेल तर तू बऱ्यापैकी निर्धास्त. जवळपास किंवा खाली असेल, तर पहिली रिअ‍ॅक्शन दुसरीला पेटवणार, आणि दुसरीला आवरणारं कूलिंग कोणाकडेच नसतं. यात हातात घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. साठलेला माल चौथा हिस्साच असेल तर चढही चौथा हिस्साच, साधारण एकोणीस अंश. साठा आटोक्यात ठेवणं म्हणजेच बॅच आटोक्यात ठेवणं.

आरअँडडीची, म्हणजे संशोधन खात्याची, मंडळी म्हणतील, ‘आमच्याकडे तर बर्फात धरलं की लगेच उतरतं.’ त्यांचं खोटं नाही, पण त्यांचा फ्लास्क एक लिटरचा आहे. त्याच आकाराचं भांडं पाच हजार लिटरचं केलं, तर दर लिटरमागे गार होणारी भिंत सतरापट कमी उरते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची टी-टू लॅबोरेटरीज बघ. सोडियम धातू घालून पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन तिथे बनत होतं. बेचाळिसाव्या बॅचपासून त्यांनी बॅचचा आकार एक तृतीयांशाने वाढवला आणि पुढे शंभराहून जास्त बॅचेस सुरळीत निघाल्या. १९ डिसेंबर २००७ ला १७५ वी बॅच चालू असताना दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी ऑपरेटरने मालकांना निरोप पाठवला, कूलिंग नीट चालत नाही. १ वाजून ३३ मिनिटांनी रिअ‍ॅक्टर फुटला. चार माणसं गेली, बत्तीस जखमी झाली. जॅकेटच्या पाण्याला दुसरी सोय नव्हती. रप्चर डिस्क, म्हणजे दाब वाढला की फुटून त्याला वाट देणारी चकती, ४०० पीएसआय दाबाला फुटणारी होती. केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात दिसलं की ती ७५ ला फुटणारी असती, तर पहिल्या रिअ‍ॅक्शनची उष्णता उसळली तेव्हाच दाब निघून जाण्याची शक्यता होती. पहिली रिअ‍ॅक्शन भडकल्यावर सोडियम आणि सॉल्व्हंटची दुसरी रिअ‍ॅक्शन सुरू झाली, आणि त्या माणसांना तिची कल्पनाच नव्हती. ‘इतक्या बॅचेस झाल्या, कधी काही झालं नाही’ असं कोणी म्हणालं की मला तो १७४ चा आकडा आठवतो. निरोप आणि स्फोट यांत दहा मिनिटं होती, हेही ध्यानात ठेव. दहा मिनिटांत माणूस विचार करत बसू शकत नाही, विचार आधीच झालेला लागतो.

आता माल ढवळणाऱ्या स्टिररबद्दल, कारण आपल्या एमआयडीसीत लाइट जाणं काही नवीन नाही. स्टिरर थांबला की जड अ‍ॅसिड तळाला बसतं, ऑरगॅनिक वर राहतं, आणि दोघं फक्त मधल्या पातळ थरावर भेटतात. काटा शांत. अ‍ॅडिशन चालूच राहिलं तर तळाला आणखी अ‍ॅसिड. मग लाइट येते, कोणीतरी हिरवं बटण दाबतो आणि दोन्ही थर क्षणात एक होतात. मी नोकरीला होतो त्या एका कारखान्यात एक ऑपरेटर होते, सातवीपर्यंत शिकलेले, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. एकदा अ‍ॅडिशन मध्यावर असताना लाइट गेली. मामांनी सगळ्यात आधी अ‍ॅडिशनचा व्हॉल्व्ह हाताने बंद केला. लाइट आल्यावर शिफ्टचा तरुण साहेब स्टिरर लावायला पुढे झाला, तर मामा पुश बटणाच्या पॅनलला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, ‘साहेब, आत किती पडलंय ते आधी सांगा.’ ओव्हरहेड टँकची लेव्हल बघितली, लॉगबुकातल्या नोंदीशी ताडून पाहिली, प्रोसेसच्या माणसाला घरून बोलावलं. ब्राइन पूर्ण चालू होतं, हिशोब जुळला, मग स्टिरर लागला. बॅच पाच तास उशिरा निघाली. तू त्या पॅनलपाशी असलास तर मामांसारखा उभा राहा.

तर तुझ्या ब्लॉकमध्ये या गोष्टी स्वतः जाऊन बघ, कोणाला विचारून समाधान मानू नकोस. डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, किती सेकंदांत लोड उचलतो? ब्राइनचा पंप डीजीवर आहे की फक्त ऑफिसचे दिवे? वीज परत आल्यावर स्टिरर आपोआप सुरू होतो का? होत असेल तर ते त्वरित बंद करून घे, तो माणसाने विचार करूनच लावायचा. स्टिरर थांबला की अ‍ॅडिशनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो का, आणि त्या इंटरलॉकला कोणी जंपर, म्हणजे त्याला वगळणारी तार, तर मारून ठेवला नाही? पॅनल उघडून बघ. ‘ट्रिपिंग खूप व्हायचं म्हणून बायपास केलंय’ हे उत्तर तुला कुठे ना कुठे मिळणारच. खाली डंप टँक, म्हणजे बिघडलेली बॅच ओतून द्यायची टाकी, असेल तर त्यात पाणी आहे का, पातळी किती, आणि तळाचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी उघडून पाहिला? कित्येक ठिकाणी तो व्हॉल्व्ह गंजून बसलेला असतो.

काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. थर्मोवेल, म्हणजे सेन्सर बसवलेली नळी, जिथे आहे तिथलंच तापमान तो सांगतो. विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला स्टायरीन या प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाच्या टाकीतून वाफ सुटली आणि बारा जण दगावले. लॉकडाउनमध्ये टाकी भरून पडून होती, पॉलिमर होऊ न देणारं द्रव्य वरच्या थरातून संपत आलं होतं, आणि सेन्सर तळाशी, जिथे माल गार होता. इटलीत सेवेसोजवळ १० जुलै १९७६ च्या शनिवारी असंच घडलं. बॅच अर्धवट सोडून स्टिरर बंद केला, माणसं सुट्टीला गेली. वरची भिंत तापलेली होती, तिने पृष्ठभागाचा थर तापवला. काही तासांनी रप्चर डिस्क फुटून डायॉक्सिन हे विष आजूबाजूच्या गावांवर पडलं. अर्धवट बॅच सोडून कुठेही जाऊ नकोस. पुढच्या शिफ्टला चार्ज देताना तोंडी ‘सगळं ओके’ चालणार नाही, किती पडलं आणि किती बाकी हे लिहून द्यायचं.

बाकीचं थोडक्यात. टोल्यूइन या सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, चार अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे तो बारा महिने पेटायला तयार असतो. सॉल्व्हंट असलेल्या रिअ‍ॅक्टरच्या उघड्या मॅनहोलमधून प्लॅस्टिकच्या पिशवीतली पावडर झटकू देऊ नकोस, स्टॅटिकची एक ठिणगी पुरते. आतली हवा हटवणारं नायट्रोजन ब्लँकेट आणि अर्थिंग असल्याशिवाय माल भरणं सुरूच करायचं नाही. आणि त्याच नायट्रोजनमुळे रिकाम्या रिअ‍ॅक्टरमध्ये माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि परमिटवर तुझ्या डोळ्यांदेखत सही झाल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देऊ नकोस, स्वतः तर नाहीच.

तुझ्याकडचे बरेच हेल्पर कंत्राटी असतील, कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, आणि बॅच शीट इंग्रजीत. ती त्यांना हिंदीत समजावून सांग, आणि त्यांच्याकडून उलट वदवून घे. ‘समजलं का’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. ‘स्टिरर बंद पडला तर तू पहिलं काय करशील?’ असं विचार. कोणी काही खटकल्याचं सांगायला आला तर हातातलं काम टाकून ऐक. एकदा झिडकारलंस तर तो पुन्हा येणार नाही.

डिस्पॅचचा दबाव येईल. महिनाअखेरीला फोन येतील, बॅच का थांबवली म्हणून. आवाज न चढवता आकडे सांग: तापमान इतकं, साठा इतका, कूलिंग इतकं. ऐकलं नाही तर लॉगबुकात वेळ घालून लिही आणि बॅच थांबलेलीच ठेव. डोंबिवलीला मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या घरांतल्या माणसांना फोनवर कोणी विचारलं नव्हतं.

तुझ्या बॅचची एकूण उष्णता, माल कुजायला लागतो ते तापमान आणि अ‍ॅडिशनच्या प्रत्येक टप्प्यावरचा साठा, हे आकडे आरअँडडीकडे माग. नसतील तर प्लँट मॅनेजरला लेखी कळव की रिअ‍ॅक्शनची उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, रिअ‍ॅक्शन कॅलरीमीटरवर, चाचणी करून घ्यावी. बाहेरच्या प्रयोगशाळेतही ती होते, आणि तिचा खर्च एका वाया गेलेल्या बॅचपुढे काहीच नाही. आकडे मिळाले की रविवारी फोन कर, आपण बसून हिशोब करू. ब्राइनच्या पंपाचं मात्र तोवर थांबू नकोस, आजच्या शिफ्टलाच बघून घे.

तुझा,
काका