काकांचं पिनबॉल रंगवायला एफडी मोडू का?

प्रश्न: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर इतरांचे सुटे भाग करून द्यायचं) छोटं वर्कशॉप आहे. वय 43. माझे काका मुंबईत होते. तिथल्या एका बंद पडलेल्या क्लबच्या लिलावात त्यांनी गॉटलीब कंपनीचं 1970 च्या दशकातलं पिनबॉल मशीन (काचेखाली चेंडू टोलवून गुण मिळवायचा खेळ) घेतलं होतं. ते गेल्यावर मशीन माझ्याकडे आलं. लाकडी बॉडीची डावी बाजू फिकी पडलीय, पण नक्षी दिसते. उजव्या बाजूचा खालचा भाग ओल लागून सोलून निघालाय. कारखान्यात स्टेन्सिल (नक्षी कापलेला साचा) लावून रंग मारलेला होता, तसाच पुन्हा करायचाय. अंदाज असा: बॉडी घासून, लांबी (पुट्टी) भरून तीन रंगांत स्प्रे 55,000; अमेरिकेतून तयार स्टेन्सिलचा संच 22,000; पाय, पट्ट्या, वरची काच 38,000; वायरिंग 20,000. एकूण 1,35,000. दोन लाखांची एफडी आहे, मुदत संपायला चौदा महिने आहेत. ती मोडावी का? परदेशात अशी मशीनं चार लाखांच्या पुढे जाताना दिसतात, त्यामुळे पैसे बुडणार नाहीत असं वाटतं. महिन्याला 78,000 येतात, वर्कशॉपच्या हप्त्यासह 64,000 जातात, 6,000 ची एसआयपी आहे, बचत खात्यात 1,10,000 आहेत. मुलगी अकरावीला आहे, पुढे इंजिनिअरिंगला जायचं म्हणते.

उत्तर:

नमस्कार. एफडी मोडू नका. मशीन मात्र जरूर रंगवा, पण पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, आणि विकायचा विचार पूर्ण बाजूला ठेवून.

आधी त्या चार लाखांचं बोलतो, कारण तुमचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर उभा आहे. आपल्याकडे कुणी जुनी जावा किंवा येझदी उभी केली तर कोल्हापुरातच तिला चार गिऱ्हाइकं मिळतात, मिस्त्री मिळतो, पार्ट मिळतात, म्हणून तिला भाव आहे. पिनबॉलला इथं यातलं काहीच नाही. परदेशातला भाव हा तिथल्या संग्राहकांचा, तिथल्या विजेवर चालणाऱ्या मशीनचा आणि तिथंच ट्रकमध्ये चढवून नेता येणाऱ्या मालाचा भाव असतो. शंभर किलोच्या वरचं लाकूड आणि काच कोल्हापुरातून शिकागोला पाठवून कुणी तो भाव देणार नाही. भारतात हौशी माणूस भेटेलही, पण तो कधी भेटेल आणि काय देईल यावर मुलीच्या प्रवेशाचे पैसे लावता येत नाहीत.

दुसरं म्हणजे, जाणता संग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘रंग मूळचा आहे का’ हा. फिका पडलेला पण शाबूत मूळ रंग त्याला नव्या चकचकीत रंगापेक्षा प्यारा असतो. बॉडी पार खराब झाली असेल तरच पुन्हा रंगवल्याने किंमत वाढते, आणि तेव्हाही घातलेले सगळे पैसे क्वचितच सुटतात. म्हणजे तुमच्या डाव्या बाजूवर सँडपेपर फिरवताना तुम्ही किंमत वाढवताय की घालवताय, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

म्हणून हा खर्च हौसेचा आहे असं धरा. याला मी नाक मुरडत नाही. नाद म्हणजे काय हे कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही, आणि काकांची वस्तू चालती-बोलती करणं हा चांगला नाद आहे. फ्लिपर, म्हणजे बटण दाबून चेंडू टोलवायचे दांडे, ज्यांच्यामुळे हा खेळ निव्वळ नशिबाचा न राहता हाताच्या कसबाचा झाला, ते 1947 साली याच गॉटलीब कंपनीने आणले. अशी वस्तू घरात असणं मोलाचं आहे. फक्त नादाचे पैसे महिन्याच्या शिल्लकेतून यावेत. ठेवीतून नकोत, कर्जातून तर अजिबात नकोत.

करापुरतं सांगायचं तर, वैयक्तिक वापराची जंगम वस्तू प्राप्तिकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती असे काही अपवाद आहेत. त्यामुळे उद्या मशीन नफ्यात गेलं तर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, पण तोट्यात गेलं तर तो तोटाही कुठे वळता करता येत नाही.

आता तुमच्या घरचं. 78,000 मधून 64,000 आणि 6,000 गेले की 8,000 उरतात. बचत खात्यातले 1,10,000 म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही. जॉबवर्कमध्ये एका मोठ्या पार्टीने पेमेंट नव्वद दिवस लांबवलं की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तुमच्यासारख्या धंद्यात सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 3,84,000, हाताशी असावा. तिथवर पोचायला वेळ लागेल, पण तोवर ती दोन लाखांची एफडी हाच तुमचा दुसरा आधार आहे. शिवाय दोन वर्षांनी प्रवेश. हेच 1,35,000 तेवढा काळ 7 टक्क्यांनी राहिले तर साधारण 1,54,500 होतात. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्याच दिवसांचा दर धरते आणि वर दंड म्हणून सहसा अर्धा ते एक टक्का कापते. ‘मग पर्सनल लोन घेतो’ असं कुणी सुचवलं तर हा हिशोब पाहा: एक लाख, 14 टक्के, तीन वर्षं. हप्ता सुमारे 3,418 आणि नुसतं व्याज 23,000 च्या आसपास. तुमच्या अंदाजातल्या स्टेन्सिलच्या संचापेक्षा जास्त.

वर्कशॉपचं कर्ज चालू असताना तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा उल्लेख नाही. नसेल तर तो या मशीनच्या आधी घ्या. यावर मी जास्त लिहीत नाही, पण हे टाळू नका.

आता 1,35,000 चे चार तुकडे करू. सगळे एकाच वेळी करायची गरज नाही, आणि त्यांचा क्रमही तुम्ही लिहिलाय तसा नको.

पहिला खर्च विजेचा, 20,000. यात काटकसर करू नका. अमेरिकेत वापरायची ही मशीनं 115 ते 120 व्होल्टची असतात. निर्यातीसाठी बनलेल्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर 220-240 ची जोडणी असू शकते. आतल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या खुणा वाचल्याशिवाय आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला ते जोडू नका. स्टेप-डाऊन लागला तर उद्यमनगरातच वाइंडिंगवाले आहेत. जुनी दोन तारांची केबल काढून अर्थिंगची तीन तारांची घाला, आणि फ्यूज लिहिलेल्या अँपिअरचाच बसवा. लाकडी पेटीत पन्नास वर्षांच्या जुन्या वायरी असतात. घरात मूल आहे. मशीन सुरक्षितपणे चालतंय, गुणांची रीळं फिरतायत, रिले (विजेवर उघडझाप होणारे स्विच) टकटकतायत हे पाहिल्यावर मग रंगाचा विचार करा. न चालणारं मशीन सुंदर रंगवून ठेवलं की पुढचे पैसे कशावर घालायचे हेच कळेनासं होतं.

त्याच्या जोडीने एक तपासणी फुकटात करा. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पायाचे बोल्ट बसतात, तिथलं प्लाय स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हळूच दाबून बघा. टोक रुतलं तर प्लाय कुजलंय. मशीनचा सगळा भार त्या कोपऱ्यांवर असतो, त्यामुळे ती सुताराची दुरुस्ती रंगाच्या आधी येते. नुसती लांबी भरून वर रंग मारणाऱ्याला काम देऊ नका. नवे पाय आणि पट्ट्यांचे 38,000 मात्र सध्या सरळ काढून टाका. गंजलेले पाय घासून निकेल करून देणारे लोक इथं आहेत. वरची काच खेळण्याच्या भागावरची असेल तर ती साधी टफन्ड काच आहे, मापाने मिळते. मागच्या उभ्या पेटीची चित्राची काच मात्र वेगळी गोष्ट आहे. तिचं चित्र काचेच्या मागच्या बाजूने छापलेलं असतं. पेंटरने ‘धुऊन देतो’ म्हणून मागून ओला फडका मारला तर चित्र पोपडे धरून निघून जाईल, आणि या अख्ख्या मशीनमध्ये परत मिळवायला सगळ्यात अवघड वस्तू तीच आहे. ती काच काढून, उभी, गादीत गुंडाळून तुमच्याच खोलीत ठेवा.

आता स्टेन्सिल. तुमचे 22,000 इथं वाचतात असं मला ठामपणे वाटतं, आणि त्या 22,000 मध्ये कस्टम ड्युटी धरलेली दिसत नाही, म्हणजे खरा आकडा आणखी मोठा. तुमच्याकडे मूळ नक्षी अजून आहे. डाव्या बाजूवर, उभ्या पेटीच्या बाजूंवर आणि पुढच्या तोंडावर पारदर्शक प्लास्टिक शीट ताणून चिकटपट्टीने बसवा आणि बारीक मार्करने प्रत्येक रंगाची कड गिरवून घ्या. उजवी बाजू बहुतेक डावीचीच उलटी प्रतिमा निघेल, तरी खात्री करून घ्या. सोबत स्टीलची पट्टी ठेवून समोरून फोटो काढा. पुढचं काम तुमच्या हातातलंच आहे: तुम्ही रोज कॅडमध्ये ड्रॉइंग करता. हे गिरवलेलं कॅडमध्ये उतरवा, दर रंगाला एक स्टेन्सिल करा, आणि दोन्ही स्टेन्सिल एकाच जागी बसावेत म्हणून कोपऱ्यात खुणा द्या. डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची ती खूण, तुम्हाला सांगायला नकोच. ती फाइल नंबरप्लेट आणि गाड्यांचे पट्टे कापणाऱ्या रेडियमवाल्याकडे न्या. त्याचा प्लॉटर हेच काम दिवसभर करतो.

यात एक बारकावा आहे. कारखान्यात स्टेन्सिल बॉडीवर चिकटवलेला नसायचा, नुसता टेकवून वरून फवारा मारायचे. म्हणून मूळ रंगाची कड किंचित पसरट, धुरकट असते. चिकटवलेल्या व्हिनाइलने कड ब्लेडने कापल्यासारखी येते. ती दिसायला छान असेल, पण मुळासारखी नाही. जाड प्लास्टिक शीटचा स्टेन्सिल कापून, वजनं ठेवून, हलक्या हाताने फवारा मारला की मूळची ती मऊ कड जमते, आणि तो स्टेन्सिल पुन्हा वापरताही येतो. स्वस्त वाट आणि खरी वाट इथं एकच आहे. आधी टाकाऊ प्लायच्या तुकड्यावर पूर्ण नक्षी करून बघा.

रंगाची छटा फिक्या भागावरून ठरवू नका. बाजूची धातूची पट्टी किंवा पायाची पट्टी काढली की तिच्याखाली ऊन न लागलेला मूळ रंग सापडतो. त्यावरून रंगाच्या दुकानातल्या मशीनवर छटा जुळवून घ्या. आधी फिका मूळ रंग, तो पूर्ण वाळल्यावर स्टेन्सिलचे दोन रंग. एनॅमल हाताला कोरडं लागलं तरी आतून ओलं असतं, त्यावर चिकटणारं काही लावलं तर रंगासकट उपटून येतं.

आणि कोरडं घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. पाणी लावून घासा, मास्क घाला, आणि हे काम घरात करू नका.

दिवाळीनंतरच का, तर पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत थिनरचा रंग मारला की तो पांढुरका पडतो, प्लायही दमट असतं. दसरा-दिवाळीच्या आधी स्प्रेवाले गाड्या आणि घरांच्या कामात बुडालेले असतात, तेव्हा दर चढा आणि तारीख खोटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. हाताने काम करणारे पेंटर फ्लेक्स आल्यापासून कमी झाले, पण बाबूराव पेंटरांनी जिथं नाटकाचे पडदे रंगवले त्या गावात चांगला हात अजून मिळतो. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यापेक्षा जुन्या बोर्ड पेंटरला आधी विचारा. स्टेन्सिल त्याला समजावून सांगावा लागत नाही.

पैशांची मांडणी अशी करा. शिल्लक 8,000 पैकी 4,000 आपत्कालीन निधीला, 4,000 मशीनसाठी वेगळ्या रिकरिंग खात्यात. एसआयपीला हात लावू नका. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत पाच महिन्यांत 20,000 होतात, त्यात वीज. जानेवारी ते पुढचा नोव्हेंबर अकरा महिने, म्हणजे 44,000. त्यात सुतारकाम, स्टेन्सिल आणि रंग बसवा. 55,000 चं कोटेशन स्टेन्सिल तुमचा आणि घासायचं काम तुमचं म्हटल्यावर खाली यायला हवं. नाही आलं तर दुसरा पेंटर बघा किंवा दोन महिने थांबा. मध्येच धंद्यात ओढाताण झाली तर हे खातं आधी थांबवायचं, निधीचं नाही. याबद्दल घरात आताच बोलून ठेवा, तुमच्या मुलीसमोरही.

वर्कशॉप तळमजल्यावर आणि सखल भागात असेल तर 2019 आणि 2021 चा पूर आठवून मशीन चौथऱ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. पाय बोल्ट काढले की निघतात, मागची पेटीही सुटी होते, चार माणसं पुरतात.

पेंटरला काम देताना एका कागदावर लिहून घ्या: कोणत्या बाजू, किती हात, कोणत्या कंपनीचा रंग, काचेला हात लावायचा नाही, आणि डाव्या बाजूचा मूळ रंग तुम्ही सांगितल्याशिवाय घासायचा नाही. आगाऊ रक्कम एक तृतीयांशाच्या वर देऊ नका. दुसरा हप्ता मूळ रंग वाळल्यावर, शेवटचा दोन्ही स्टेन्सिल झाल्यावर. ट्रेसिंग मात्र या रविवारीच करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत, आणि उजव्या बाजूचं सोलणं एकेका पावसाळ्याने वाढतच जाणार आहे.