पार्थिव, मयत, अवशेष, अस्थी : कोणता शब्द कुठे?

पाचोरा तालुक्यातून विचारणा आली आहे : "गावच्या जवानाच्या स्मारकावरचा मजकूर आणि पेपरला द्यायची बातमी आम्ही लिहितो आहोत. 'पार्थिव आणले' बरोबर की 'पार्थिव देह आणला'? म्हातारी माणसं 'मयत आणली' म्हणतात. ते कानाला खटकतं, पण चूक आहे का? आणि बर्फात कित्येक वर्षांनी सापडलेल्या जवानांबद्दल कोणी 'पार्थिव' लिहितं, कोणी 'अवशेष', कोणी 'अस्थी'. खरं काय?"

'पार्थिव'चा मृत्यूशी मुळात काही संबंध नाही. पृथिवीचे ते पार्थिव, सरळ मराठीत 'मातीचे'. भाद्रपद चतुर्थीला गुरुजी 'पार्थिव गणेशपूजा' म्हणतात ती मातीच्या मूर्तीची पूजा. मातीचे शिवलिंग ते पार्थिव लिंग. पृथ्वीचा धनी म्हणून संस्कृतात राजालाही पार्थिव म्हणतात, आणि 60 संवत्सरांत 19व्याचे नाव पार्थिव आहे. 'पार्थिव देह' म्हणजे मातीचा देह, चैतन्य निघून गेल्यावर उरला तो. पुढे बोलता बोलता 'देह' गळून पडला आणि विशेषणाचेच नाम झाले. मराठीला हे नवे नाही. 'मयत इसम'मधले 'मयत' विशेषण आणि 'मयतीला गेलो'मधले नाम, तोच प्रकार.

गंमत अशी की खेड्यात 'मातीला जाऊन आलो' म्हणतात, अहिराणीत 'मातीले गया', तेव्हा शब्द साधा वाटतो आणि 'पार्थिव' भारदस्त. अर्थाने दोन्ही एकाच मातीचे.

आता व्याकरण. नुसते 'पार्थिव' नपुंसकलिंगी : पार्थिव आणले, पार्थिव ठेवले, पार्थिवाला खांदा दिला, पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. 'देह' जोडला की पुल्लिंग : पार्थिव देह आणला. दोन्ही शुद्ध. घोटाळा होतो तो 'पार्थिव आणला' असे अर्धे इकडचे अर्धे तिकडचे लिहिले की. अनेकवचनात नुसते 'पार्थिव' अडखळते, 'चार पार्थिवे' कोणी म्हणत नाही. तिथे 'चौघांचे पार्थिव देह' लिहावे. 'पार्थिव शरीर' हिंदी बातम्यांतून आले आहे, चूक नाही पण आपल्याला त्याची गरज नाही. 'पार्थिव मृतदेह' मात्र खोडाच.

'पार्थिव' हा आदराचा शब्द आहे, हे विसरू नये. पंचनाम्यात 'प्रेत' किंवा 'मृतदेह' असते, दवाखान्याच्या कागदावर 'शव' आणि 'शवविच्छेदन'. शब्द बदलला की लिहिणाऱ्याचे नातेही कळते. 1999 साली कारगिलमध्ये शिखरांवर सापडलेल्या पाकिस्तानी सैनिकांचे आपल्या लष्कराने त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. मराठीत त्यांच्याबद्दल 'मृतदेह' लिहिले जाते, 'पार्थिव' सहसा नाही. सन्मान दोन्हीकडे झाला, शब्द मात्र घरच्यांसाठी राखून ठेवलेला.

'मयत' चूक मुळीच नाही. मूळ अरबी, 'मौत'चे सख्खे भावंड. सातबाऱ्याच्या फेरफारात 'मयत खातेदार' अजून आहे. खान्देशात अंत्ययात्रेला 'मयतीला जाणे' म्हणतातच. म्हातारी 'मयत आणली' म्हणाली तर तिची बोली सुधारायला जाऊ नका. तिच्या तोंडी त्यात अनादर नाही. फलकावर आणि बातमीत ते नको, कारण छापले की तोच शब्द तलाठ्याच्या दप्तरातला वाटतो. आपल्याकडच्या निधनवार्तांतले 'द्वारदर्शन' (सांत्वनासाठी घरी जाणे) आणि 'गंधमुक्ती' (दुखवटा संपवण्याचा विधी) हे शब्द मात्र जरूर ठेवा. पुण्याकडचा वाचक गोंधळला तर गोंधळू दे, दुखवट्याला येणारे लोक कोणत्या दिवशी यायचे ते त्यांवरूनच ठरवतात.

आता क्रियापदे, कारण खऱ्या चुका तिथेच होतात.

'पार्थिव हस्तगत केले' असे लिहू नका. हस्तगत होतो तो चोरीचा माल किंवा शस्त्रसाठा. 'बरामद' हिंदी. दरीतून, बर्फातून, नदीतून काढले तर 'बाहेर काढले', शोध घेऊन मिळाले तर 'हाती लागले' किंवा 'सापडले'. 'कुटुंबीयांच्या ताब्यात दिले' ही ठाण्यातली भाषा. 'स्वाधीन केले' किंवा 'सोपवले' लिहा. 'शिनाख्त झाली' नको, 'ओळख पटली' म्हणा. 'पटली' आणि 'पटवली' यांतही फरक आहे. खिशातल्या कागदावरून, बिल्ल्यावरून आपोआप कळले तर पटली. भावाला बोलावून दाखवले किंवा डीएनए चाचणी केली तर पटवली.

सगळ्यात जास्त खटकते ते 'तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव'. गुंडाळतात ते भाकरी फडक्यात. हिंदीतल्या 'लिपटा'चे हे भाषांतर आहे आणि वस्तुस्थितीलाही धरून नाही. ध्वजसंहितेप्रमाणे लष्करी अंत्यसंस्कारात ध्वज शवपेटीवर किंवा तिरडीवर वरून पसरतात, केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. देहाभोवती तो लपेटत नाहीत. चितेला अग्नी देण्याआधी, दफन असेल तर खड्ड्यात उतरवण्याआधी, ध्वज काढून घ्यावाच लागतो. तो जाळायचा नाही की पुरायचा नाही. मग घडी करून तो पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देतात. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पांघरणे : 'तिरंगा पांघरलेली शवपेटी'. पांघरूण घालतात आणि काढतात, दोन्ही क्रिया त्यात बसतात.

असाच गोंधळ '21 बंदुकांची सलामी' लिहिताना होतो. 21 तोफांची सलामी हा राष्ट्रपती, प्रजासत्ताक दिन अशा प्रसंगांचा मान. जवानाच्या चितेपाशी तुकडी रायफलींतून हवेत तीन फैरी झाडते. म्हणून 'तीन फैरी झाडून मानवंदना' लिहावे. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून वाजते तेव्हा तुकडी ज्या अवस्थेत असते तिला कवायतीत 'शोकशस्त्र' म्हणतात : रायफलीची नळी खाली बुटाच्या टोकावर, दस्त्यावर दोन्ही हात, मान झुकलेली. बातमीत 'शस्त्रे खाली ठेवून' असे छापले तर त्याचा अर्थ शरणागती होतो! 'शोकशस्त्र करून' इतके पुरे.

आता अवघड भाग. वर्षांनी सापडले तर काय लिहावे? इथे वर्षे मोजून शब्द ठरवू नका, हाती काय आले ते पाहा.

लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत 18 नोव्हेंबर 1962 रोजी 13 कुमाऊँ या पलटणीची तुकडी शेवटच्या माणसापर्यंत लढली. 1963च्या सुरुवातीला शोधपथक पोचले तेव्हा जवान होते त्याच जागी, होते त्याच अवस्थेत गोठलेले होते. शून्याखाली कुजण्याची क्रिया थांबते. मध्ये महिने गेले तरी ते 'पार्थिव देह'च. मेजर शैतानसिंह यांचे पार्थिव जोधपूरला नेले, इतरांवर चुशूलला दहनसंस्कार झाले.

7 फेब्रुवारी 1968 रोजी चंदीगडहून लेहला निघालेले हवाई दलाचे एएन-12 विमान 102 जणांसह रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झाले. अवशेष दिसले 2003 साली, गिर्यारोहकांना. पुढे लष्कराच्या मोहिमांत थोडेथोडे देह मिळत गेले, 2024च्या सप्टेंबरमध्ये आणखी चार. सियाचीनवर 1984च्या मे महिन्यात हिमकडा कोसळून गाडल्या गेलेल्या 19 कुमाऊँच्या गस्तीतला एक जवान 2022च्या ऑगस्टमध्ये, 38 वर्षांनी सापडला. ओळख पटली ती धातूच्या बिल्ल्यावरच्या सैनिक क्रमांकावरून. हिमनदी स्थिर नसते. वर पडलेले ती पोटात घेते, उताराने खाली सरकवते आणि वितळत्या टोकाशी परत देते. या प्रवासात देह क्वचितच अखंड राहतो. विमानाच्या तुकड्यांनाही 'अवशेष' आणि माणसालाही 'अवशेष', हे एकाच वाक्यात आले की अंगावर काटा येतो. म्हणून यंत्राचे 'अवशेष' किंवा 'सांगाडा' लिहा आणि माणसाचे 'देहावशेष'. 'मानवी अवशेष' हे फॉरेन्सिक अहवालाचे मराठी आहे, गावच्या फलकावर नको. देहावशेष शवपेटीत घालून, ध्वज पांघरून गावात आणले की पुढच्या वाक्यापासून 'पार्थिव' म्हणायला काहीच हरकत नाही. संस्कार त्यांच्यावरच व्हायचे असतात.

'अस्थी' मात्र वेगळ्या. वैद्यकात अस्थी म्हणजे हाडे, पण रोजच्या मराठीत अस्थी म्हणजे दहनानंतर वेचलेल्या. अग्नी देण्याआधी 'जवानाच्या अस्थी सापडल्या' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटते आधीच कोणीतरी दहन केले होते. तिथे 'हाडे' लिहायला संकोच वाटत असेल तर 'देहावशेष' आहेच. उलट बाजूही लक्षात घ्या. पार्थिव घरी पाठवण्याचा शिरस्ता कारगिलपासून पक्का झाला. त्याआधीच्या युद्धांत बहुधा रणभूमीजवळच दहन होई. 1962, 1965 किंवा 1971च्या जवानाबद्दल घरचे 'अस्थी आल्या होत्या' म्हणत असतील तर ते तंतोतंत खरे असू शकते. तुमचा फलक जुन्या जवानाचा असेल तर 'पार्थिवावर गावात अंत्यसंस्कार' असे अंदाजाने कोरू नका, घरी विचारा.

शुद्धलेखनात इथे हमखास चूक होते. एकटा शब्द 'अस्थी', दीर्घ. समासात ऱ्हस्व : अस्थिकलश, अस्थिविसर्जन. संस्कृतात नपुंसक, मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून 'अस्थी विसर्जित केल्या', 'केले' नव्हे.

आणि काहीच आले नाही तर? त्यालाही जुन्या भाषेत शब्द आहे, 'पालाशविधी'. देह न मिळालेल्याची प्रतिमा पळसाच्या 360 देठांनी करायची, डोक्याच्या जागी 40, मानेच्या जागी 10, असा हिशेब धर्मशास्त्रात दिलेला आहे, आणि त्या प्रतिमेला अग्नी द्यायचा. सातपुड्याच्या पायथ्याला पळस हाताशी असलेल्या मुलखात हा शब्द विसरला जावा, याचे वाईट वाटते. 'प्रतीकात्मक अंत्यसंस्कार' हे वर्तमानपत्री रूप त्यामानाने फारच कोरडे आहे. 'समाधी' देहावर किंवा अस्थींवर बांधतात. खाली काहीच नसेल तर 'स्मारक' किंवा 'स्मृतिस्तंभ' म्हणा.

'शहीद' की 'हुतात्मा', हे तुम्ही विचारले नाही, पण फलक म्हटला की हा वाद येणारच. थोडक्यात : शहीद अरबी, मूळ अर्थ साक्ष देणारा. हुतात्मा म्हणजे स्वतःची आहुती दिलेला. सावरकरांनी हा शब्द रुजवला. खान्देशात हुतात्मा म्हटले की 1942चे नंदुरबारचे शिरीषकुमार आठवतात, म्हणजे नागरिक आंदोलक. सेनादलांच्या अधिकृत भाषेत 'शहीद' नाही, हे सरकारने 2015 साली लोकसभेत सांगितले आहे. जवानासाठी 'वीरमरण' सर्वांत नेटके. फक्त 'वीरमरण प्राप्त झाले' नको, मरण 'येते'. 'धारातीर्थी पडले' सुंदर आहे, पण ती तलवारीची धार. हिमकड्याखाली गेलेल्याला ते लागू होत नाही आणि त्याचा मान त्याने कमीही होत नाही. तिथे 'कर्तव्यावर असताना वीरमरण'.

नावाआधी 'कै.' किंवा 'स्व.' लावू नका, हुद्दा लावा. हुद्दा मरणाने जात नाही. मजकुराचा क्रम असा ठेवा : सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट, दुसऱ्या ओळीत ठिकाण आणि तारीख, तिसरीत 'यांना … येथे कर्तव्यावर असताना वीरमरण आले'. रेजिमेंटचे नाव त्यांच्या कागदावर असेल तसेच उतरवा, त्याचे मराठी करू नका. दगडावर कोरण्याआधी कारागिराला 'स्मृति' नव्हे 'स्मृतिस्तंभ' हा पूर्ण शब्द एकत्र लिहून द्या. तोडून लिहिला तर 'स्मृती' दीर्घ करावा लागतो, आणि कारागीर नेमका ऱ्हस्व ठेवून तोडतो.