जबाबात न विचारलेला प्रश्न अपिलात कितपत उपयोगी पडतो?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला २०२१ मधील खुनाच्या खटल्यात सोलापूर जिल्ह्यातील सत्र न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकही नाही. रक्ताचे डाग असलेला शर्ट, उसाच्या फडातून काढून दिलेला कोयता आणि मोबाईलचे कॉल रेकॉर्ड यांवर निकाल उभा आहे. निकालात बऱ्याच चुका असल्यामुळे अपिलात तो नक्की सुटेल, असे आमचे वकील म्हणतात. निकालाला ४१ दिवस झाले. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आपण पाठवलेले निकालपत्र आणि भावाचा न्यायालयातील जबाब मी दोनदा वाचला. अपील अवश्य करावे, मात्र ‘नक्की सुटेल’ या शब्दावर विसंबून राहू नये. खालच्या न्यायालयाची चूक दाखवली की शिक्षा आपोआप रद्द होत नाही. त्या चुकीमुळे आरोपीवर खरोखर अन्याय झाला, हे उच्च न्यायालयाला पटवून द्यावे लागते. म्हणून दहा चुकांची यादी करण्यापेक्षा ज्या एका चुकीने निकालाचा पाया हलतो, तिच्यावर भर द्यावा, आणि तशी चूक आपल्या प्रकरणात आहे असे माझे मत आहे.

सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला त्याच्याविरुद्धची प्रत्येक महत्त्वाची बाब सांगून खुलासा विचारायचा असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३ हेच सांगते, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३५१ आहे. आपल्या भावाच्या जबाबातील ४७ वा प्रश्न पाहा : ‘तुमचे कपडे जप्त केल्याचे पंच सांगतो, त्याबद्दल काय म्हणणे आहे?’ त्यावर भावाचे उत्तर आहे, ‘खोटे आहे.’ शर्टावर रक्त सापडले, ते ‘बी’ गटाचे आहे आणि मयताचा गटही तोच आहे, असे रासायनिक विश्लेषकांचा अहवाल सांगतो. पण हे त्याला कुठेही विचारलेले नाही. असे असूनही, शर्टावरील रक्ताचा खुलासा आरोपीने दिला नाही, असे निकालात लिहिले आहे. जे विचारलेच नाही त्याचा खुलासा तो देणार तरी कसा? शिवाय भावाचा स्वतःचा रक्तगट कोणता, हे अहवालात निश्चित झालेले नाही, आणि ‘बी’ गट आपल्याकडे सर्रास आढळतो.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची (म्हणजे प्रत्यक्षदर्शी नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून गुन्हा शाबीत करणाऱ्या पुराव्याची) जी पाच तत्त्वे घालून दिली, ती ‘पंचशील’ म्हणून ओळखली जातात. जी बाब आरोपीला विचारली गेली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. शर्ट बाजूला काढल्यावर आरोपीकडेच बोट दाखवणारी पुराव्याची साखळी पूर्ण राहते का, हा आपल्या अपिलाचा गाभा असावा. मात्र सरकारी वकील अशी मागणी करू शकतात की प्रकरण परत पाठवून आरोपीला तो प्रश्न आता विचारावा. राजकुमार विरुद्ध दिल्ली राज्य या २०२३ च्या प्रकरणात घटनेला २७ वर्षे उलटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने तसे करणे नाकारले आणि आरोपीची मुक्तता केली. आपली घटना तितकी जुनी नाही, त्यामुळे या मुद्द्याची तयारी आधीच ठेवावी लागेल.

कोयत्याचे दोन्ही पंच फितूर झाले आहेत. पण तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही जप्ती ग्राह्य धरली जाऊ शकते. फडाची ती जागा कोणालाही जाता येईल अशी होती, हा मुद्दा मला अधिक बळकट वाटतो. कॉल रेकॉर्डसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र नाही हे खरे, आणि ते आवश्यक असल्याचे अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तथापि खटल्यात त्या वेळी हरकत घेतलेली दिसत नाही, आणि अशी हरकत पहिल्यांदा अपिलात घेता येत नाही असेही निर्णय आहेत. त्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता मुदतीबद्दल. जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ६० दिवस मिळतात आणि निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. उशीर झाल्यास माफीचा अर्ज करता येतो, पण ती वेळ येऊ देऊ नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. खर्चाची अडचण असेल तर संकोच करू नका : कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते.

अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अर्ज जोडावा. दोषी ठरल्यानंतर निर्दोषत्वाचे गृहीतक उरत नाही, शिवाय अशा गुन्ह्यात सरकार पक्षाला लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्याच तारखेला जामीन मिळेल असे आईला सांगू नका. याच आठवड्यात तुरुंगात जाऊन अधिकाऱ्यांसमोर वकीलपत्रावर भावाची सही घ्या, आणि वकिलांना कागद देताना ४७ व्या प्रश्नाचे पान व रासायनिक विश्लेषकांचा अहवाल सर्वांत वर ठेवा.